फवारणीनंतर काही झालं नाही, म्हणजे काहीच झालं नाही?

फवारणी करून घरी आल्यावर डोकं गरगरलं नाही, उलटी झाली नाही, डोळ्यांची आग झाली नाही, की आपण समजतो, आज काही बाधलं नाही. तीव्र विषबाधेपुरता हा हिशोब बहुतेक वेळा बरोबर असतो. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसच्या आसपास माणसं दगावली. ते नुकसान त्याच दिवशी, त्याच आठवड्यात दिसलं. पण काही रसायनांच्या बाबतीत दुसरा एक हिशोब असतो आणि तो त्या दिवशी कळत नाही. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, या आजाराशी काही कीडनाशकांचा असलेला संबंध गेली चाळीसेक वर्षं उंदरांवर आणि शेतात राबणाऱ्या माणसांवर तपासला जातो आहे. ते प्रयोग काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि त्यावरून पुढच्या फवारणीला काय बदलायचं, ते पाहू.

डब्यावरचा रंग कशाचं माप आहे?

कीडनाशकाच्या डब्यावर उभ्या टोकाचा एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अति तीव्र विषारी, पिवळा म्हणजे तीव्र, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य. हे ठरतं प्राण्यांवरच्या चाचणीवरून. तोंडावाटे दिल्यावर निम्मे प्राणी मरायला शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम औषध लागतं, ते पाहतात. ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५,००० निळा आणि त्यापुढे हिरवा.

म्हणजे हा रंग झटपट मरणाचं माप आहे. थोडं थोडं औषध वर्षानुवर्षं अंगात जात राहिलं तर मेंदूचं काय होईल, याबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून ‘हिरवं आहे, हातानं ढवळलं तरी चालतं’ ही समजूत सोडून द्यायला हवी. मॅनेब नावाचं बुरशीनाशक तीव्र विषारीपणाच्या मापात अगदी सौम्य गटात मोडतं. उंदरांच्या प्रयोगात याच मॅनेबनं काय केलं, ते पुढे येईलच.

उंदरांच्या मेंदूत काय दिसलं?

आपल्या मेंदूच्या बुडाशी, मध्यमेंदूत, सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक छोटा काळपट भाग असतो. तिथल्या मज्जापेशी डोपामाइन तयार करतात. हालचाल सुरू करणं, तिचा वेग राखणं, ती सफाईनं पुरी करणं हे डोपामाइनवर अवलंबून असतं. या पेशी मरत गेल्या की कंपवात होतो. पण त्या मरायला लागल्याबरोबर लक्षणं दिसत नाहीत. कणगीतलं धान्य खालून सरत असतं आणि घरात रोज भाकरी होत असते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, तसंच हे आहे. हात थरथरू लागेपर्यंत साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात.

बाहेरचं रसायन याच पेशींना वेचून मारू शकतं, हे कळलं ते अपघातानं. १९८२मध्ये अमेरिकेत, उत्तर कॅलिफोर्नियात, काही तरुण व्यसनी मंडळी अचानक लाकडासारखी ताठरून रुग्णालयात आली. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची भेसळ झाली होती. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी तिचा माग काढला. एमपीटीपी मेंदूत गेल्यावर त्याचं एमपीपी-प्लस होतं. डोपामाइनच्या पेशी ते डोपामाइन समजून आत ओढून घेतात आणि आत गेल्यावर ते पेशीची ऊर्जा बनवणारी यंत्रणा बंद पाडतं. या एमपीपी-प्लसची रेणूरचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे, हे लक्षात आलं आणि संशोधकांच्या नजरा शेतीकडे वळल्या. पुढे पॅराक्वाटची मारण्याची तऱ्हा वेगळी असल्याचं दिसलं. ते पेशीत शिरून प्राणवायूचे घातक रेणू तयार करत राहतं. तपासाची दिशा मात्र त्या साम्यानंच दिली.

अशा प्रयोगात बहुतेक वेळा सी-५७ जातीचे काळे उंदीर वापरतात. औषध दिल्यानंतर काही दिवसांनी मेंदूचे अतिशय पातळ काप काढतात आणि डोपामाइन बनवणाऱ्या पेशी तेवढ्या रंगतील अशी प्रक्रिया करतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ठरावीक अंतरावरच्या कापांतल्या रंगलेल्या पेशी मोजून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. मोजणाऱ्याला कोणता काप औषध दिलेल्या उंदराचा आहे, हे सांगितलेलं नसतं.

२००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात उंदरांना आठवड्यातून एकदा, असं तीन आठवडे पॅराक्वाट टोचलं. सब्स्टॅन्शिया नायग्रातल्या साधारण पाव ते एक तृतीयांश पेशी कमी झाल्या. म्हाताऱ्या उंदरांचं नुकसान अधिक झालं. विशेष म्हणजे मेंदूतली डोपामाइनची पातळी फारशी घसरलीच नाही, कारण उरलेल्या पेशींनी काम वाढवून भरून काढलं. त्याच धाग्यावरच्या पुढच्या कामात असं दिसलं की एकाच टोचणीनं पेशी मेल्या नाहीत. पण मेंदूतल्या राखणदार पेशी, मायक्रोग्लिया, चेतवल्या गेल्या आणि दुसऱ्या टोचणीनंतर पेशी मरू लागल्या.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात पॅराक्वाट आणि मॅनेब एकत्र दिलं. कोणतंही एक देऊन झालं त्याहून जोडीचा घाव मोठा होता. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत ही जोडी मिळालेल्या पिल्लांना मोठेपणी तीच पुन्हा दिली, तेव्हा सर्वांत जास्त पेशी त्यांच्याच गेल्या.

रोटेनोनची गोष्ट मोठ्या उंदरांवरची, म्हणजे घुशीच्या जवळच्या रॅट जातीवरची आहे. हे वनस्पतींच्या मुळांतून निघणारं कीटकनाशक ‘नैसर्गिक’ म्हणून चालत असे. २०००मध्ये एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी ते काही आठवडे संथपणे दिल्यावर डोपामाइनच्या पेशी मेल्याच, शिवाय कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत सापडतात तशा प्रथिनांच्या गाठीही दिसल्या. मुळापासून निघालं म्हणून निर्धोक, हा न्याय इथे लागू पडत नाही.

या प्रयोगांवर किती भरवसा ठेवायचा?

उंदरांचे प्रयोग वाचताना चार प्रश्न विचारावेत. औषध कोणत्या वाटेनं दिलं? बहुतेक वेळा पोटाच्या पोकळीत टोचून. शेतात मात्र ते कातडीतून, श्वासातून, हातावाटे तोंडात जातं. मात्रा किती होती? शेतात एका दिवशी अंगात जाईल त्यापेक्षा साधारणपणे खूपच मोठी. किती काळ दिलं? काही आठवडे, माणसाचा संबंध मात्र वीस-तीस वर्षांचा. आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत तेच दिसलं का? पॅराक्वाटच्या बाबतीत काही प्रयोगशाळांना पेशी कमी झाल्याचं आढळलेलं नाही. त्यातला काही अभ्यास उत्पादक कंपनीच्या पैशांवर झालेला होता, हेही ध्यानात ठेवावं. शिवाय उंदराला माणसासारखा हळूहळू वाढत जाणारा कंपवात सहसा होत नाही.

तेव्हा ‘उंदरांत सिद्ध झालं, म्हणजे माणसांत होणारच’ असं म्हणता येत नाही. हे नुकसान घडू शकतं, त्याची यंत्रणा अशी असू शकते, आणि पुन्हापुन्हा संपर्क, एकापेक्षा जास्त रसायनं, कोवळं किंवा उतारवय या गोष्टी ते वाढवतात, एवढं हे प्रयोग दाखवतात.

माणसांतले अभ्यास याच दिशेनं बोट दाखवतात. आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांतल्या फवारणी करणाऱ्यांवरच्या, २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरलेल्यांत कंपवाताचं प्रमाण सुमारे अडीच पट आढळलं. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत, जिथं पॅराक्वाट आणि मॅनेब दोन्ही फवारली जात, अशा शेतांपासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्यांत धोका सुमारे ७५ टक्क्यांनी जास्त दिसला. हे लोक स्वतः फवारत असतीलच असं नाही. फ्रान्सनं २०१२मध्ये कीडनाशकांच्या संपर्कातल्या शेतकऱ्यांचा कंपवात हा व्यवसायजन्य आजार मानला. पण वय, आनुवंशिकता आणि इतर कारणंही आहेतच. हजारो लोक आयुष्यभर फवारतात आणि त्यांना कंपवात होत नाही. एखाद्या रुग्णाकडे बोट दाखवून ‘याला अमुक औषधामुळेच झालं’ असं कुणालाही सांगता येणार नाही.

आपल्या कामाची सर्वांत मोठी गोष्ट २०१५च्या एका विश्लेषणात आहे. अमेरिकेच्या त्याच शेतकरीगटात, जे फवारताना हातमोजे घालत त्यांच्यात पॅराक्वाट आणि परमेथ्रिन (एक कीटकनाशक) यांचा कंपवाताशी संबंध दिसला नाही. जे घालत नसत त्यांच्यात तो दिसला. अभ्यासातली माणसं मोजकी होती, तरी संरक्षणाचा खर्च पाहता एवढा पुरावा कृती करायला पुरेसा आहे.

औषध कालवताना

दिवसभराच्या फवारणीपेक्षा डब्यातलं दाट औषध मोजून टाकीत ओततानाची पाच मिनिटं जास्त जोखमीची असू शकतात. झाकण बोटांनी फिरवलं, मोजताना थोडं सांडलं, हात पंचाला पुसला, तोच पंचा कपाळाला लावला: असं होत असतं आणि तिथंच थांबवायचं असतं.

हातमोजे नायट्राइलचे, मनगटाच्या वरपर्यंत येणारे घ्या. सुती मोजे तर घालूच नका. ते औषध शोषून दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतात. भोक पडलेला मोजा हा मोजा नसल्यापेक्षा वाईट. पाणी भरून दाबून पाहिलं की भोक कळतं. कापूस, सोयाबीन अशा खाली फवारायच्या पिकात बाही मोज्यावर घ्या. द्राक्षाच्या मांडवाखाली किंवा आंब्यावर हात वर करून फवारायचं असेल तर मोजा बाहीवर घ्या, नाहीतर ओघळ थेट मोज्यात जातो. काम संपल्यावर मोजे हातात असतानाच साबणानं धुवा, मग काढा.

हाताला भेगा, जखमा असतील तर त्या दिवशी कालवणी दुसऱ्यावर सोपवा. धडधाकट कातडीतून पॅराक्वाट फार जात नाही, फाटलेल्या कातडीतून जातं.

दोन-तीन औषधं, वर टॉनिक, वर स्टिकर, असं एकाच टाकीत कालवण्याची सवय मजुरी वाचवायला लागली आहे. लेबलवर किंवा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत ते मिश्रण नसेल तर करू नका. मॅन्कोझेब, ज्याला आपण ‘एम पंचेचाळीस’ म्हणतो, ते मॅनेबच्याच कुळातलं आहे. उंदरांवरचे ते प्रयोग मॅनेबवरचे होते, म्हणून मॅन्कोझेबला तोच निकाल लावता येणार नाही. पण जोडीनं काय होतं याची तपासणी बहुतेक मिश्रणांची झालेलीच नाही, हे विसरू नका.

फवारताना

पाठीवरच्या पंपाचं झाकण आणि वॉशर आधी साध्या पाण्यानं तपासा. गळका पंप म्हणजे ओली पाठ, ओली चड्डी आणि ती तशीच चार तास. कातडीतून औषध किती शिरतं ते जागेवर अवलंबून असतं. पॅराथिऑन या कीटकनाशकावरच्या जुन्या अभ्यासात हाताच्या कातडीच्या तुलनेत कपाळातून सुमारे चौपट आणि वृषणावरच्या कातडीतून सुमारे बारा पट औषध शोषलं गेलं होतं. म्हणून औषधानं चड्डी भिजली तर ‘ही टाकी संपू दे, मग बघू’ म्हणू नका. तिथंच थांबा, धुवा, कपडे बदला. बदलायचे कपडे आणि साबण बांधावर आधीच आणून ठेवा.

वारा पाठीशी किंवा आडवा असू द्या. फवारलेल्या ओळीतून परत चालत येऊ नका. छातीपेक्षा उंच पिकात फवारा सरळ तोंडावर येतो. यवतमाळला त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती, हे विसरता येणार नाही. नॉझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही. जुना दातांचा ब्रश खिशात ठेवा. दुपारच्या उन्हात फवारू नका, कारण घामानं भिजलेली कातडी औषध जास्त घेते आणि मास्कही तेव्हाच काढला जातो.

खर्रा, तंबाखू, बिडी, चहा हे सगळं हात-तोंड साबणानं धुतल्यानंतरच. हातावर मळलेल्या तंबाखूबरोबर औषधही गालात जातं. लघवीला जाण्याआधीही हात धुवा.

पॅराक्वाटबद्दल वेगळं सांगायला हवं. युरोपीय संघात २००७पासून, स्वित्झर्लंडमध्ये १९८९पासून ते बंद आहे. केरळनंही २०११मध्ये त्यावर बंदी आणली. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. शक्य तिथं कोळपणी, खुरपणी, ग्रास कटर, आच्छादन यांनी तण आवरा. निंदणीला माणूस मिळत नाही, ही अडचण खरी आहे. त्यामुळे निदान सगळं रान एकदम न जाळता बांध आणि पट्टे तेवढे तणनाशकानं आणि पिकाच्या ओळी कोळप्यानं, असा मधला मार्ग काढता येतो.

घरात आणि घराभोवती

फवारणीचे कपडे वेगळे असावेत आणि वेगळेच धुवावेत. धुणारी बाई बहुतेक घरांत फवारणाऱ्याहून वेगळी असते आणि तिच्या हाताला मोजे नसतात. तिलाही मोजे हवेत. कपडे आधी भरपूर पाण्यानं खळबळून घ्या, मग गरम पाण्यानं आणि साबणानं धुऊन उन्हात वाळवा. आंघोळ झाल्याशिवाय लहान मुलाला उचलू नका.

कपाशीच्या शेतात टाकीसाठी पाणी आणून द्यायला बायका आणि शाळकरी पोरं असतात. गरोदर बाईला आणि मुलांना हे काम देऊ नका. पिल्लांवरचा तो प्रयोग आठवा. कोवळ्या वयातल्या संपर्कानं मेंदू पुढच्या घावाला हळवा झाला होता.

औषध कालवायला विहिरीचा काठ निवडू नका. टाकी भरताना नळी औषधात बुडवली तर पाणी बंद होताच औषध उलट ओढलं जाऊ शकतं. रिकामे डबे तीनदा खळबळून, ते पाणी टाकीतच ओतून, डबे भोसकून ठेवा. ते दाणे, रॉकेल, पाणी कशालाही वापरायचे नाहीत. उरलेलं औषध शीतपेयाच्या बाटलीत तर मुळीच नाही.

द्राक्ष निर्यातदार शेतकरी फवारणीची नोंदवही ठेवतात, ती औषधाच्या अंशांसाठी. प्रत्येकानंच ठेवावी आणि तिच्यात दोन रकाने वाढवावेत: फवारलं कोणी आणि मोजे होते का. सालगडी असो की रोजंदारीचा, मोजे आणि मास्क देणं मालकाचं काम. त्यानं घातले का, हे पाहणंही मालकाचंच.

बाजारातली भाजी खाणाऱ्यांनी या लेखावरून धसका घेऊ नये. वरचा पुरावा मुख्यतः फवारणाऱ्यांबद्दल आणि शेतालगत राहणाऱ्यांबद्दल आहे. भाजी वाहत्या पाण्यात नीट धुऊन घ्यावी, एवढं पुरे.

तपासणी आणि खुणा

मळमळ, घाम, लाळ, धाप, बाहुल्या बारीक होणं ही तीव्र विषबाधेची चिन्हं दिसली तर १०८ला फोन करा, कपडे काढून अंग धुवा आणि औषधाचा डबा किंवा त्याचा फोटो दवाखान्यात बरोबर न्या. पॅराक्वाटचा घोट गेला असेल तर काहीच होत नसलं तरी लगेच निघा. पहिल्या दिवशी माणूस ठीक वाटणं हा त्या विषाचा नेहमीचा फसवा भाग आहे.

कंपवात पुढे होईल की नाही, हे सांगणारी रक्ततपासणी फवारणाऱ्यांसाठी नाही. कोलिनएस्टरेजची तपासणी ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातल्या कीटकनाशकांची बाधा दाखवते, पॅराक्वाटची नाही. ‘मेंदूतलं विष काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

पन्नाशीच्या पुढच्या, वर्षानुवर्षं फवारलेल्या माणसात काही खुणा लक्षात ठेवा. चालताना एकच हात हलत नाही, एका बाजूचा खांदा आखडलेला राहतो, सही बारीक होत जाते, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, आवाज बसका होतो, हात मांडीवर स्वस्थ ठेवला असताना थरथरतो. पेला उचलताना हात थरथरणं बऱ्याचदा वेगळ्या आजाराचं असतं. वास न येणं, जुनं बद्धकोष्ठ, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणं हे काही जणांत वर्षानुवर्षं आधीपासून असतं. एकेकट्या खुणेनं घाबरू नका. दोन-तीन एकत्र दिसल्या तर मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. जाताना चालू असलेली सगळी औषधं न्या, कारण चक्कर आणि उलटीवरच्या काही गोळ्यांनीही अशीच लक्षणं येतात आणि त्या बंद केल्यावर ती बहुधा जातात. फवारणीची नोंदवहीही न्या. निदान झालंच तर लेव्होडोपासारखी औषधं आणि रोजचा व्यायाम यांनी माणूस पुष्कळ वर्षं कामाचा राहतो. गोळ्या मात्र मनानं बंद करायच्या नाहीत.

हे सगळं एकदम जमणार नसेल तर क्रम असा धरा: या हंगामात नायट्राइलचे मोजे आणि पंपाचा नवा वॉशर, पुढच्या हंगामात वेगळे कपडे आणि बांधावर साबण-पाणी, आणि त्यानंतर एकेक पट्टा करत पॅराक्वाट कमी करणं. दुकानदाराकडून औषधाचा डबा घेताना मोज्यांची जोडी त्याच बिलात लावून घ्या.